चाळीस नग, एकच माप

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. घरच्या कार्यशाळेत एखादा नग मन लावून केला तर तो छान उतरतो. मात्र तसेच वीस, तीस किंवा चाळीस नग करायला घेतले की त्यांतले कोणतेही दोन एकमेकांशी नीट जुळत नाहीत. सोलापुरातून अशी पत्रे जास्त येतात, कारण येथे अनेक घरांत मागाच्या निमित्ताने व्हाइस, कानशी आणि ड्रिल मशीन पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि माग बंद झाले तरी हातांची सवय गेलेली नाही. म्हणून या अंकातील सर्व उत्तरे याच विषयावर दिली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्या वडिलांचे पूर्व भागात चार यंत्रमाग होते. माग विकले गेले, पण शेडमधले व्हाइस, बेंच ड्रिल आणि हत्यारांची पेटी मी जपून ठेवली आहे. निवृत्तीनंतर मी शाळांसाठी टेबलावर मावणारे छोटे हातमाग बनवू लागलो आहे. एका मागाला एल आकाराचे आठ ब्रॅकेट लागतात, म्हणजे पाच मागांना चाळीस. २५ × ३ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचे तुकडे कापून मी प्रत्येकावर फुटपट्टीने माप घेतो, रेघ ओढतो, सेंटर पंच मारून भोके पाडतो आणि मग तुकडा वाकवतो. इतकी काळजी घेऊनही लाकडी चौकटीवर बसवताना निम्म्या ब्रॅकेटची भोके अर्धा ते एक मिलिमीटर सरकलेली दिसतात. माझे मोजण्यात कोठे चुकते? (निवृत्त शिक्षक, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : आपले मोजणे चुकत नाही, आपल्याला ते फार वेळा करावे लागते, ही खरी अडचण आहे. एका भोकासाठी आपण फुटपट्टी लावता, रेघ ओढता, पंच ठेवता आणि ड्रिल टेकवता. रेघेला स्वतःची जाडी असते, पंचाचे टोक रेघेच्या नेमके मध्यावर बसतेच असे नाही, आणि पंचाची खूण किंचित तिरपी पडली की ड्रिल तिच्या उतरत्या बाजूकडे सरकते. प्रत्येक टप्प्यावर पाव मिलिमीटरची चूक धरली तरी ती कधी एकमेकींना खोडते आणि कधी एकमेकींत मिळते. चाळीस नगांची ऐंशी भोके म्हणजे ही सोडत ऐंशी वेळा काढण्यासारखे आहे. आणखी काळजीपूर्वक मोजून यातून सुटका होत नाही, हे मी स्वतः पुष्कळ पट्ट्या वाया घालवून शिकलो.

आपल्या वडिलांच्या मागावरची फणी आठवा. ताण्याचे शेकडो धागे एकमेकांपासून सारख्या अंतरावर राहतात, पण विणकर ते अंतर कधीही मोजत नाही. फणी करणाऱ्याने ते एकदा मोजून तिच्या घरांत बसवलेले असते. सोलापुरी चादरीवरची नक्षीही तशीच. ती जेकार्डच्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांत एकदा उतरवली की पहिल्या चादरीवरचा मोर आणि पाचशेव्या चादरीवरचा मोर यांत फरक राहत नाही. आपल्याला ब्रॅकेटसाठी अशीच एक फणी करायची आहे. कारखान्यात तिला जिग म्हणतात. सगळी काळजी, सगळे मोजमाप आणि हवा तेवढा वेळ जिगवर खर्च करावा. नगावर फुटपट्टी लावण्याची वेळच येऊ देऊ नये.

आपल्या कामासाठी जिग अशी करता येईल. साधारण ८० × ६० मिलिमीटरची जाड पट्टी बूड म्हणून घ्यावी. तिच्यावर गुण्या लावून काटकोनात दोन आधारपट्ट्या स्क्रूने पक्क्या कराव्यात : एक लांब, जिला नगाची बाजू टेकेल, आणि एक आखूड, जिला नगाचे टोक टेकेल. आधारपट्ट्यांची जाडी नगापेक्षा थोडी जास्त, म्हणजे साडेतीन ते चार मिलिमीटर असावी. त्यांच्यावर १२ मिलिमीटर जाडीची वरची पट्टी बसवून तिच्यात भोक पाडावे. ड्रिलला वाट दाखवणारे भोक ते हेच. ड्रिलला सरळ धरून ठेवण्यासाठी या वाटेची लांबी ड्रिलच्या व्यासाच्या किमान दीडपट, शक्यतो दुप्पट असावी. साडेपाच मिलिमीटरच्या ड्रिलला १२ मिलिमीटर पुरेशी होते. लांब आधारपट्टीच्या समोरून एक अंगठ्याचा स्क्रू द्यावा, म्हणजे नग दर वेळी त्याच कडेला घट्ट दाबला जाईल. चाळीस नगांसाठी साध्या लोखंडातले भोक चालते. काही शे नग करायचे असतील तर ते हळूहळू लांबट होईल. तेव्हा तेलात कडक होणाऱ्या टूल स्टीलचे बुश (भोकात बसणारी जाड नळी) करून, तापवून तेलात बुडवून कडक करून, त्या जागी ठोकून बसवावे.

आता एक बारीक गोष्ट सांगतो, जी चित्रात दिसत नाही आणि जिच्यावाचून जिग फसवते. दोन आधारपट्ट्या जेथे काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यात कानशीने किंवा छोट्या ड्रिलने एक खाच मोकळी सोडावी. कापलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर नेहमी बर (कापताना उरलेली धारदार कोर) राहते, आणि ड्रिलचा कीसही त्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. खाच नसेल तर नग खऱ्या कडेला टेकण्याऐवजी त्या कचऱ्याला टेकतो. चार वर्षांपूर्वी मी खिडक्यांसाठी छत्तीस बिजागऱ्या करत होतो. जिग चांगली होती, पण कोपरा बंद ठेवला होता. चौदाव्या की पंधराव्या नगानंतर कीसाची एक चपटी कपची तेथे अडकली आणि पुढच्या सर्व नगांची भोके सुमारे अर्धा मिलिमीटर सरकली. नग एकाच तसराळ्यात टाकत गेल्यामुळे चांगले कोणते आणि वाईट कोणते हे ओळखता येईना, आणि शेवटी छत्तीसच्या छत्तीस मोजावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक नगानंतर जिगमध्ये ब्रश फिरवतो, नग केलेल्या क्रमाने फळीवर ओळीत मांडतो आणि दर पाचवा नग तपासतो. चूक निघाली तर ती मागच्या पाच नगांपलीकडे गेलेली नसते.

कामाचा क्रमही बदलावा. आपण एक ब्रॅकेट पूर्ण करून दुसऱ्याकडे वळत असाल, असे पत्रावरून वाटते. त्याऐवजी सगळे तुकडे आधी कापून घ्यावेत, चाळीसऐवजी त्रेचाळीस. मग सर्वांचे फक्त एक टोक गुण्यात कानसून घ्यावे आणि त्या टोकाला लाल ऑइलपेंटचा ठिपका द्यावा. हे पायाचे टोक झाले. जिगमध्ये माप याच टोकाकडून धरले जाईल अशी तिची रचना ठेवावी. दुसरे टोक अर्धा मिलिमीटर लांब किंवा आखूड राहिले तरी ब्रॅकेटच्या बसण्यावर परिणाम होत नाही, म्हणून त्यावर कानस घासण्यात वेळ घालवू नये. बर काढली की पुरे. बरेच छांदिष्ट कारागीर लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सारखी करतात आणि तुकडा उलटा घालून भोक चुकीच्या टोकाकडून पाडतात. लाल ठिपका ही चूक टाळतो.

राहिला वाकवण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते आपली निम्मी चूक तेथे आहे. आपण दोन्ही भोके सपाट पट्टीत पाडून मग ती वाकवता. वाकवताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दबतो, आणि व्हाइसच्या जबड्यात तुकडा एक केसभर वरखाली धरला गेला की वाकण्याची रेघ तितकीच सरकते. मग एक भोक कोपऱ्याच्या जवळ येते आणि दुसरे लांब जाते. म्हणून पहिल्या बाजूचे भोक तेवढे सपाट पट्टीत, जिगमध्ये पाडावे. नंतर व्हाइसमध्ये धरायच्या जाड लोखंडी ठोकळ्यावर त्या भोकाच्या मापाची एक खुंटी बसवावी, भोक खुंटीत अडकवावे आणि मग वाकवावे. भोकापासून कोपऱ्याचे अंतर आता खुंटी ठरवते, आपली नजर नाही. दुसऱ्या बाजूचे भोक वाकवल्यानंतर, दुसऱ्या छोट्या जिगमध्ये, पहिल्या बाजूची बाहेरची सपाटी आधाराला लावून पाडावे. ठोकळ्याची कड धारदार ठेवू नये. ३ मिलिमीटरच्या पट्टीला आतून साधारण ३ मिलिमीटरची गोलाई द्यावी, नाहीतर बाहेरच्या बाजूला चिरा पडण्याची शक्यता असते. ती गोलाई सामावण्यासाठी लाकडी चौकटीचा कोपरा रंध्याने हलकासा मारावा लागेल. पट्टी सोडल्यावर ती दोन-तीन अंश मागे येते, म्हणून तितकी जास्त वाकवावी. आणि सर्व तुकडे एकाच खरेदीच्या पट्टीतून कापावेत, कारण पट्टी बदलली की मागे येण्याचे प्रमाणही बदलते.

पहिला ब्रॅकेट पूर्ण करून प्रत्यक्ष चौकटीवर बसवून पाहिल्याखेरीज दुसऱ्याला ड्रिल लावू नये. जिग चुकली असेल तर ती चाळीसही नग इमानाने चुकीचेच करील.

प्रश्न : माझ्याकडे छोटे टेबल लेथ आहे. लाकडी खेळण्यांच्या चाकांसाठी मला पितळेचे साठ बुश हवेत : बाहेरून १२ मिलिमीटर, भोक ६ मिलिमीटर, लांबी १५ मिलिमीटर. बाजारातली १२ मिलिमीटरची सळई तशीच वापरतो. एक नग करायला दहा मिनिटे लागतात आणि लांबी १४.८ पासून १५.२ पर्यंत बदलते. मशीन लहान आहे म्हणून असे होते का? (जुळे सोलापूर)

उत्तर : लहान मशीनवर वेग कमी मिळेल, पण लांबी बदलण्याचे कारण मशीन नाही. आपण बहुधा प्रत्येक नगाला टूल पुढे-मागे करून, व्हर्नियर लावून, पुन्हा थोडे कापून माप गाठत आहात. येथेही मापाला जागा द्यायची आहे, आणि लेथवर ती जागा म्हणजे स्टॉपर.

काम दोन फेऱ्यांत विभागावे. पहिल्या फेरीत सळईचे तोंड साफ करावे, सेंटर ड्रिल लावावे, ५.८ मिलिमीटरचे ड्रिल सुमारे २० मिलिमीटर आत न्यावे, ६ मिलिमीटरचा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) फिरवावा आणि नग १५.४ च्या आसपास तोडून घ्यावा. या फेरीत लांबीकडे लक्ष देऊ नये. असे साठही नग झाले की दुसरी फेरी. चकच्या (नग पकडणाऱ्या जबड्यांच्या) आत एक लोखंडी ठोकळा पक्का बसवावा आणि त्याचे तोंड तेथेच, त्याच मशीनवर कापून सपाट करावे. प्रत्येक नग या ठोकळ्याला मागे दाबून धरावा, मग चक आवळावा. कॅरेजला, म्हणजे टूल धरून बेडवर सरकणाऱ्या भागाला, बेडवर स्टॉपर लावावा, टूल १५ मिलिमीटरवर आणून कंपाउंड स्लाइड आवळून टाकावी आणि साठ नग संपेपर्यंत तिला हात लावू नये. कापताना फक्त क्रॉस स्लाइड पुढे-मागे होईल. आता ठोकळ्याचे तोंड आणि टूलचे टोक यांतले अंतर हीच लांबी, आणि ते अंतर बदलायला काही कारणच उरत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. कॅरेज स्टॉपरवर दर वेळी सारख्याच हलक्या हाताने टेकवावी. जोराने आदळली तर छोट्या मशीनचा बेड आणि स्टॉपर दोन्ही किंचित दबतात आणि काही शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. शक्य असेल तर स्टॉपरऐवजी डायल गेजच्या काट्यावर विश्वास ठेवावा. आणि ठोकळ्याच्या तोंडावर पितळेचा कीस राहू देऊ नये; बिजागऱ्यांची हकिगत वर दिलीच आहे.

वेगाविषयी : हायस्पीड स्टीलच्या टूलने पितळ मिनिटाला साधारण ६० मीटर वेगाने कापता येते. फेरे काढण्यासाठी १००० ला वेगाने गुणून, व्यास गुणिले ३.१४ ने भागावे. १२ मिलिमीटरच्या पितळेला मिनिटाला सुमारे १६०० फेरे येतात. तीच सळई माइल्ड स्टीलची असती, तर मिनिटाला २५ मीटर धरून साडेसहाशेच्या आसपास. पितळात ड्रिल अचानक आत ओढले जाते, म्हणून त्याच्या दोन्ही कापणाऱ्या कडांची पुढची धार ऑइलस्टोनने अगदी थोडी सपाट करावी. असे ड्रिल पुढे लोखंडाला वापरू नये, पितळासाठी वेगळे बाजूला ठेवावे.

सळईची बाहेरची बाजू आपण कापत नाही, त्यामुळे चक जितका डुलत असेल तितके भोक मध्यापासून सरकेल. खेळण्याच्या चाकाला ते चालते. चालणार नसेल तर बाहेरचा व्यास आणि भोक दोन्ही एकाच पकडीत, नग तोडण्यापूर्वी पूर्ण करावे. एकदा चक सोडला की ती संगती परत मिळवणे कठीण.

प्रश्न : अॅल्युमिनियमच्या २०० मिलिमीटरच्या सरकत्या पट्ट्या मी पोलादी चौकटीत बसवतो. मे महिन्यात सकाळी अलगद सरकणाऱ्या पट्ट्या दुपारी अडकतात. व्हर्नियर दोन्ही वेळा जवळजवळ तेच माप दाखवतो. पत्र्याची शेड आहे. (होटगी रस्ता)

उत्तर : आपला अनुभव खरा आहे आणि त्याचा हिशेबही मांडता येतो. तपमान १ अंश सेल्सिअसने वाढले की पोलाद मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढते आणि अॅल्युमिनियम सुमारे २३, म्हणजे दुप्पट. मे महिन्यात पहाटे २६ आणि दुपारी ४२ अंश धरले, तर १६ अंशांच्या फरकाने २०० मिलिमीटरची अॅल्युमिनियम पट्टी ०.०७ मिलिमीटर वाढते, पोलादी चौकट मात्र ०.०४ पेक्षा कमी. उरलेला साडेतीन-पावणेचार शतांश मिलिमीटरचा फरक आपल्या सरकत्या जोडातली सगळी फट खाऊन टाकतो. व्हर्नियरही पोलादाचाच असतो आणि पट्टीबरोबर तोही तापतो, त्यामुळे वाढीचा अर्धा भाग तो लपवतो. मापनाचे प्रमाणित तपमान जगभर २० अंश सेल्सिअस धरतात. आपल्या शेडमध्ये ते उन्हाळ्यात कधीच मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. जॉब, चौकट आणि मोजण्याचे हत्यार हे तिघे एका तपमानाला असले पाहिजेत, एवढे पाळावे.

मी शहाबादी फरशीचा एक जाड तुकडा टेबलावर ठेवला आहे. कापलेला नग मशीनवरून काढला की तो हातात धरून मोजत नाही. मायक्रोमीटरशेजारी फरशीवर अर्धा तास ठेवतो. नुकत्याच कापलेल्या अॅल्युमिनियमला हात लावून पाहावा : तो परिसरापेक्षा २० अंशांनी गरम असला तरी २०० मिलिमीटरवर ०.०९ मिलिमीटरची चूक होते, म्हणजे सकाळ-दुपारच्या फरकाहून जास्त. तेव्हा जाडसर कापणे दुपारी उरकावे, सर्व नगांना रात्रभर थंड होऊ द्यावे आणि शेवटचा हात पहाटे, एका बैठकीत मारावा. एवढे करूनही लांबीच्या दिशेने ०.१ मिलिमीटरची मोकळीक ठेवावी. सोलापूरच्या उन्हाशी अॅल्युमिनियम हुज्जत घालत नाही, ते वाढतेच.

प्रश्न : आमच्याकडे जुन्या यंत्रमागाचे तीन सुताचे बोल्ट लागतात. तसेच तीस स्टड (आटे पाडलेल्या सळया) मी १० एमएमच्या डायने, म्हणजे सळईवर आटे पाडणाऱ्या हत्याराने, केले. नट दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. जोर लावला तर आटेच निघून येतात. डाय खराब आहे का? (अशोक चौक)

उत्तर : डाय चांगली असेल, पण ती दुसऱ्या घराण्याची आहे. जुने माग इंग्लंडमधून आले किंवा त्यांच्या धर्तीवर येथे बनले, आणि त्यांचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे आहेत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी ही पद्धत १८४१ मध्ये मांडली. तिच्यात आट्याचा कोन ५५ अंश असतो आणि माप इंचात असते. एमएम आट्यांचा कोन ६० अंश. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, ९.५२५ मिलिमीटर, आणि त्यावर इंचाला १६ आटे, म्हणजे दोन आट्यांतले अंतर १.५८७५ मिलिमीटर. १० एमएमच्या नेहमीच्या आट्यात ते १.५ असते. हा ०.०८७५ चा फरक एका आट्यात जाणवत नाही, पण पाचव्या आट्यापर्यंत तो ०.४४ मिलिमीटर होतो आणि नट अडतो. व्यासही वेगळा आहे. असा स्टड मागावर जबरदस्तीने बसवला तर मागाच्या बिडाच्या भागातले मूळ आटे कायमचे जातील, आणि ते नुकसान स्टडपेक्षा कितीतरी मोठे असेल. केलेले तीस स्टड बाजूला ठेवावेत. १० एमएमच्या नटाबरोबर ते दुसरीकडे उपयोगी पडतील.

पिच गेजचा, म्हणजे आट्यांतले अंतर ताडण्याच्या दातेरी पानांचा, एक संच घ्यावा आणि आटे पाडण्यापूर्वी जुन्या बोल्टवर पान लावून उजेडाकडे धरून पाहावे. पानाच्या दात्यांखालून उजेड दिसला नाही, तरच ते माप खरे. अर्ध्या इंचाच्या बोल्टला विशेष जपावे, कारण व्हिटवर्थमध्ये त्यावर इंचाला १२ आटे असतात, तर अमेरिकन जाड आट्यात १३, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

तीस स्टडवर डाय फिरवताना सळईचा व्यास ९.४ पर्यंत उतरवून घ्यावा आणि टोकाला चांगला उतार द्यावा, म्हणजे डाय सरळ धरते. लेथ असेल तर डाय-होल्डर टेलस्टॉकच्या आधाराने पुढे न्यावा. हातानेच करायचे असेल तर लाकडाच्या जाड ठोकळ्यात सळईच्या मापाचे सरळ भोक पाडून तो ठोकळा डायला वाट म्हणून वापरावा. टॅपसाठीही (भोकात आटे पाडणारे हत्यार) हीच युक्ती : लोखंडी ठोकळ्यात टॅपच्या मापाचे काटकोनी भोक, ते नगावर दाबून धरायचे आणि त्यातून टॅप उतरवायचा. पंधराव्या-सोळाव्या नगाला टॅप मोडतो तो बहुधा तिरपा गेल्यामुळे. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि तेल सढळ हाताने. ५ एमएमच्या टॅपला पुस्तकात ४.२ चे ड्रिल दिलेले असते. आरपार भोकासाठी आणि साध्या कामासाठी ४.३ घेतले तरी आट्याची ताकद पुरेशी राहते आणि टॅपवरचा ताण जाणवण्याइतका कमी होतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. थ्री-डी प्रिंटरवर ड्रिल जिग केली तर चालेल का? (सोलापूर)

उत्तर : वीस-तीस नगांसाठी जरूर चालेल, आणि वेड्यावाकड्या आकाराचा नग धरायला तर ती लोखंडी जिगपेक्षा सोपी पडते. ड्रिल मात्र प्लास्टिकला घासू देऊ नये. छापताना भोक मोठे ठेवून त्यात धातूचे बुश दाबून बसवावे. प्रिंटरचे नेहमीचे प्लास्टिक, पीएलए, ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. गरम ड्रिल, तापलेला कीस आणि पत्र्याच्या शेडमधली दुपार यांचा मेळ बसला की जिगचा आधार नकळत वाकतो. त्याहून जास्त उष्णता सोसणारे पीईटीजी प्लास्टिक वापरावे, आणि कोणतेही प्लास्टिक असले तरी जिग उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये.

प्रश्न : माझे पती रविवारी घरी ड्रिल मशीनवर तासन्‌तास एकच काम करतात. हाताला कापू नये म्हणून मी त्यांना कापडी हातमोजे आणून दिले. ते घालत नाहीत. आपण त्यांना समजवावे. (शेळगी)

उत्तर : ताई, आपल्या काळजीचा आदर राखून सांगतो, की या बाबतीत त्यांचे बरोबर आहे. फिरणाऱ्या ड्रिलने किंवा चकने हातमोज्याचा एक धागा पकडला, तर तो बोटासकट हात आत ओढतो, आणि मशीन बंद करायला वेळ मिळत नाही. सैल बाही, उपरणे, ओढणी आणि अंगठीही तेथे नको. हातमोजे पत्रा उचलताना आणि कापलेले तुकडे हाताळताना घालावेत. त्यांच्यासाठी काही आणायचेच असेल, तर बाजूंनी बंद असलेला चष्मा आणावा, आणि मशीनच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा, अर्थिंगही तपासून घ्यावे.

आपल्या पत्रातले ‘तासन्‌तास एकच काम’ हे शब्द मला अधिक काळजीचे वाटले. एकाच हालचालीची पुनरावृत्ती करताना हात आपोआप चालू लागतात आणि मन दुसरीकडे जाते. नग व्हाइसमध्ये न आवळता हाताने धरून ड्रिल मारण्याची लहर नेमकी अशा वेळी येते. ड्रिल आरपार जाताना अडकले की तो पातळ तुकडा पात्यासारखा गरगर फिरतो. दर वीस नगांनंतर मशीन बंद करून, जागेवरून उठून, एक कप चहा घ्यायला त्यांना आपण हाक मारावी. या कामात आपली मदत हातमोज्यांपेक्षा मोठी होईल.

प्रश्न : प्रत्येक नग किती अचूक हवा, हे कसे ठरवावे? (बाळीवेस)

उत्तर : तो कशात बसणार आहे, यावरून. लाकडात स्क्रूने बसणाऱ्या ब्रॅकेटला पाव मिलिमीटर पुष्कळ आहे. फिरणाऱ्या दांड्यावरच्या बुशला दोन-तीन शतांश हवेत. मर्यादा ठरली की एका सळईची दोन टोके दोन मापांची करून ठेवावीत, एक जायलाच हवे असे आणि दुसरे जाताच कामा नये असे, आणि दुसऱ्याला लाल रंग द्यावा. ६ मिलिमीटरच्या साध्या भोकासाठी ६.०० आणि ६.१० ची टोके पुरतात. साठ भोके तपासायला मग व्हर्नियर, चष्मा आणि भरपूर उजेड यांपैकी काही लागत नाही.

प्रश्न : काम संपल्यावर जिग मोडून तिचे लोखंड परत वापरावे की ठेवून द्यावी? (साखर पेठेतील वरील वाचकांचाच दुसरा प्रश्न)

उत्तर : ठेवावी. आपल्या एखाद्या शाळेचा माग दोन वर्षांनी दुरुस्तीला येईल आणि त्याला दोनच ब्रॅकेट लागतील. जिग पुसून तिला तेलाचा हात द्यावा, ड्रिलचे माप आणि पट्टीची जाडी तिच्यावरच पंचाने ठोकावी, आणि त्रेचाळीस तुकड्यांतून उरलेल्या तीन ब्रॅकेटपैकी सर्वांत चांगला तारेने तिला बांधून ठेवावा. कागदावरची टिपणे हरवतात. बांधलेला नग पाहिल्यावर तुकडा कोणत्या बाजूने घालायचा आणि लाल ठिपका कोठे येतो, हे विचारावे लागत नाही.